जास्तीचा पाना

१

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी निळ्या शेपटीचं विमान उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही.

धुकं नव्हतं, वारा नव्हता, विमानात बिघाडही नव्हता. चाकं बाहेर आलेली होती, वैमानिकाला समोर धावपट्टीचे दिवे दिसत होते, आणि तेवढ्यात टॉवरने त्याला वर जायला सांगितलं. त्याच्या पुढे उतरलेल्या तांबड्या शेपटीच्या विमानाच्या कॅप्टनने धावपट्टीवर काहीतरी पडलंय असं कळवलं होतं. तपासणीची जीप धावली. जीपवाल्याने एक पोलादी पाना उचलला. धातूची एक वस्तू सापडली की आणखीही असू शकतात, म्हणून अख्खी धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत तपासायची, असा नियम आहे. दुसरी धावपट्टी डागडुजीसाठी बंद होती. निळं विमान घिरट्या घालत राहिलं, इंधन उतरत गेलं, आणि शेवटी ते शेजारच्या शहरात जाऊन टेकलं.

कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी आठच्या आत विमानतळावर दुसरा विषय नव्हता.

या विमानतळावर सकाळची उतरण्याची वेळ म्हणजे भर चौकातला गाळा. मागणारे ढीगभर, मिळतो एकाला. आणि मिळाला तरी राखावा लागतो. हंगामात पाचातल्या चार वेळा तरी ठरल्या वेळेला उतरायचं. त्याहून जास्त चुकलं की समिती ती वेळ काढून घेते आणि रांगेतल्या पुढच्याला देते. निळी कंपनी छोटी. तिच्याकडे सकाळची ही एकच वेळ होती, आणि तिच्यावर बाकीचा सगळा संसार उभा होता. या विमानातून उतरलेले लोक तिच्याच इतर विमानांत चढायचे. हंगामातल्या माफ असलेल्या चुका संपल्या होत्या. आता एकही परवडणार नव्हती, आणि ती आज झाली. रांगेत पहिला नंबर तांबड्या कंपनीचा होता.

चूक हवामानाची किंवा विमानतळाची असेल, तर ती मोजत नाहीत. पण उचललेल्या पान्यावर खूण कोरलेली होती ती निळ्या कंपनीचीच.

"स्वतःच्या अंगणात स्वतःच खिळे टाकायचे आणि मग पाय कापला म्हणून रडायचं," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "चार वाजता बैठक आहे. मला तर सरळ प्रकरण दिसतंय. तरी तुम्ही एकदा बघून घ्या."

समोर बसलेल्या बाई समितीच्या तपासनीस होत्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी टॉवरमध्ये काढली होती. टॉवरमध्ये दिलेला प्रत्येक हुकूम ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो. बाईंची ती सवय खुर्ची बदलली तरी गेली नाही. समोरच्याला त्या प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लावायच्या, म्हणून अख्खा विमानतळ त्यांना मास्तरीणबाई म्हणायचा. पाठीमागेच नाही, तोंडावरही.

"चार वाजता," बाई म्हणाल्या. "सरळ प्रकरण. बरोबर?"

"बरोबर."

"सरळ प्रकरणं मला सहसा कोणी देत नाही," असं म्हणून त्या उठल्या.

२

निळ्या कंपनीच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणायचे. कंपनी काढली त्यांच्या नवऱ्याने. तो स्वतः वैमानिक, साऱ्यांचा दादा. दादा हृदयविकाराने अचानक गेले, आणि तेव्हापासून सात विमानं आणि दोन मुली वहिनी सांभाळत होत्या. त्यांच्या खोलीत खिडकीशी तीन फोन एकदम वाजत होते. त्या एकही उचलत नव्हत्या.

"बसा. काय विचारणार ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पाना आमचा आहे का? खूण आमची आहे. पडला कसा? आमचं पहिलं विमान त्याआधी त्याच धावपट्टीवरून उडालं. चाकाच्या खोबणीत राहिला असेल, वेग घेताना पडला असेल. तांबडीचे लोक सकाळपासून हेच सांगत फिरताहेत, आणि माझ्याकडे उत्तर नाही."

"ही वेळ गेली तर?"

"तर दिवाळं. आज नाही, पण वर्षाच्या आत." त्यांनी आवाज चढवला नाही. "दादा म्हणायचे, विमान कुणालाही घेता येतं, उतरायला जागा मिळवून दाखवा. ही वेळ मिळवायला त्यांची नऊ वर्षं गेली. ती मी घालवलेली नाही, बाई. आणि माझ्या डोळ्यांदेखत मी ती जाऊ देणार नाही."

"त्या पहिल्या विमानावर काम कोणी केलं होतं?"

"खारूताईने."

खारूताई म्हणजे हँगरमधली सगळ्यात तरुण मेकॅनिक. पंखाच्या पोटातल्या भोकातून ती अशी आत शिरायची आणि अशी बाहेर यायची, की हे नाव आपोआप पडलं. आत्ता ती हत्यारांच्या कपाटासमोर पाय रोवून उभी होती, जणू कपाट कोणी उचलून नेणार होतं. डोळे रडून सुजलेले, पण आवाज कडक.

"मला घरी जायला सांगितलंय. मी जाणार नाही. मी पाना विसरले नाही."

"सगळेच असं म्हणतात, बाळा."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. तुम्ही हे बघा." तिने कपाटाचा वरचा खण ओढला.

खणात काळा जाड स्पंज बसवलेला होता आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली होती. पान्याच्या खाचेत पाना, पकडीच्या खाचेत पकड. एखादं हत्यार नसेल तर तिथे त्याच्या आकाराचं भगदाड दिसतं, आंधळ्यालाही हाताने कळेल असं.

"काम संपलं की खण भरायचा. एक खाच जरी रिकामी राहिली तरी विमान सोडायचं नाही. माणसंही घरी जात नाहीत. एकदा एक छोटासा पेचकस सापडेना, तर आम्ही सगळे दुपारपर्यंत हँगरमध्ये रांगत होतो. वहिनीसुद्धा!"

"धावपट्टीवर सापडलेल्या पान्यावर नंबर काय आहे?"

"सतरा."

मास्तरीणबाईंनी खणात पाहिलं. चौदा, पंधरा, सोळा. मग सतरा. सतराच्या खाचेत सतरा नंबरचा पाना नीट झोपलेला होता.

३

"नवीन आणून ठेवला असेल," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "चूक लपवायची तर कोणीही तेच करेल."

"मी तो हातात घेऊन पाहिलाय. शेजारच्या सोळा आणि अठरासारखाच झिजलेला आहे. त्याच्यावर तेलाचा तोच जुना काळपटपणा आहे. सकाळी ठेवलेलं हत्यार दुपारपर्यंत एवढं म्हातारं होत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे निळ्या कंपनीचा पाना हरवलाच नाही. उलट एक जास्तीचा झालाय."

धावपट्टीवरचा पाना समितीच्या कपाटात कुलपात होता. बाईंनी तो मागवून घेतला आणि खारूताईला आणि वहिनींना बोलावलं. पाना टेबलावर ठेवला. खिडकीतला उजेड त्याच्यावर पडला आणि छतावर एक कवडसा हलला.

खारूताईने तो उचलला, उलटसुलट केला आणि तिचा चेहरा बदलला.

"हा... हा कामाचा नाहीच. केवढा चकचकतोय बघा. याला मुलामा दिलाय. मुलामा दिलेला पाना हातातून सटकतो, असल्याने कोण काम करेल? आणि हे काय?" तिने अंगठा दांड्याच्या मधोमध फिरवला. तिथे आरपार बारीक भोक होतं, स्क्रू जाईल एवढं. "पान्याला भोक पाडलंय! जोर लावला की तो इथेच मोडेल. मेकॅनिक असं कधी करणार नाही. माझा हात तोडला तरी मी करणार नाही."

"मग भोक कशाला पाडतात?"

खारूताईला ते माहीत नव्हतं. तिला नोकरीला लागून दोन वर्षंच झाली होती. बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पान्याकडे बघत होत्या, पण पान्याला हात लावत नव्हत्या.

"आमच्या हँगरची एक रीत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हत्यार झिजलं की त्याचे दोन तुकडे करून मोडीत टाकायचं, आणि नवीन येईल त्याच्यावर तोच नंबर घालायचा. म्हणून एका नंबरचा एकच पाना कायम जिवंत असतो. फक्त एक अपवाद आहे. कोणी मोठा कारागीर हँगर सोडून गेला, तर त्याने वापरलेलं एखादं हत्यार मोडत नाहीत. त्याला मुलामा देतात, लाकडी पाटीवर स्क्रूने बसवतात आणि निरोपाला देतात."

"आजवर असे किती निरोप झाले?"

"दोन. पहिला आमच्या म्हाताऱ्या उस्तादांचा. ते आता नाहीत. त्यांची पाटी त्यांच्या घरच्यांनी परत आणून दिली, हँगरच्या दाराशी टांगलेली आहे, तुम्ही येताना पाहिली असेल. हातोडी आहे तिच्यावर."

"आणि दुसरा?"

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानापलीकडे तांबड्या कंपनीची काचेची इमारत उन्हात तळपत होती.

"दुसरी पाटी तिथे आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या दिराच्या टेबलामागे."

४

दादांचा धाकटा भाऊ, वहिनींचे भाऊजी. निळ्या कंपनीचं पहिलं विमान त्यांनी स्वतःच्या हातांनी उघडून जोडलं होतं. दादा गेल्यावर खुर्ची आपल्याकडे येईल असं त्यांनी धरलं होतं. भागीदारांनी ती वहिनींना दिली. भाऊजी महिनाभर गप्प राहिले, मग राजीनामा देऊन मैदान ओलांडून गेले. आता ते तांबड्या कंपनीच्या सगळ्या कारखान्यांचे प्रमुख होते.

"या, मास्तरीणबाई! आज आमचा वर्ग घेणार वाटतं?" ते उठून हसले. माणूस मोठा देखणा, बोलणं मऊ. हात मात्र अजून मेकॅनिकचे होते, नखांच्या कडा काळ्या. "कॉफी?"

"नको. तुमची पाटी बघायला आले."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं. टेबलामागच्या भिंतीवर दोन प्रशस्तिपत्रं होती आणि त्यांच्यामध्ये रिकामा चौकोन. बाकी भिंतीचा रंग उन्हाने उतरलेला, चौकोनातला मात्र कालच दिल्यासारखा ताजा.

"पडली हो ती. लाकूड फुटलं."

"कधी?"

"झाले की दिवस."

"किती दिवस?"

"बाई, लाकूड फुटल्याची तारीख कोण लिहून ठेवतो?"

"आणि पाना?"

"असेल कुठेतरी." ते खुर्चीत रेलले. "तुमच्या मनात काय आहे ते सरळ विचारा. मी धावपट्टीवर पाना टाकला का? मला तिथे पाऊल टाकायचा परवाना नाही. या नोकरीत आल्यापासून धावपट्टी मी या काचेतूनच बघतो. वाटल्यास फाटकावर विचारा."

बाईंनी येतानाच विचारलं होतं. ते खरं होतं.

"नुसती धावपट्टी बंद पाडून कोणाला काही मिळत नाही," बाई म्हणाल्या. "विमानतळाची चूक झाली तर निळीला माफी मिळते. धावपट्टी निळीच्याच वस्तूने बंद पडायला हवी. त्यासाठी नियम पाठ असायला हवा, आणि निळीची वस्तूही हाताशी हवी. विमानतळावर अशी माणसं किती?"

"नियम सगळ्यांनाच पाठ आहे. आमच्याकडे तर भिंतीवर लावलाय." मऊपणा किंचित उतरला. "घर उभं केलं मी. खुर्ची कोणाला मिळाली ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी वहिनीच्या ताटात माती कालवेन? दादाच्या मुली मला काका म्हणतात."

"घर तुम्ही उभं केलंत. माती कालवणार नाही. बरोबर?"

त्यांनी ते परत म्हणून दाखवलं नाही.

बाई जिना उतरल्या. पाना कोणाचा ते कळलं होतं. पण तो माणूस धावपट्टीवर गेलाच नव्हता. मग त्याचा पाना चालत गेला का?

५

तांबड्या विमानाचा कॅप्टन कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून बसला होता. बाईंना पाहून त्याने पाय खाली घेतले.

"मी चोर की साक्षीदार? ते आधी सांगा, म्हणजे बूट घालायचे की नाही ते ठरवतो."

"ते तुमच्या उत्तरावर आहे. काय पाहिलंत?"

"उतरलो, वेग कमी होत होता. डाव्या हाताला, धावपट्टीवरून बाहेर पडायच्या तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे, काहीतरी पडलेलं दिसलं. कळवलं. कळवायलाच लागतं. न कळवता मागच्याचं इंजिन फुटलं असतं, तर आयुष्यभर झोप लागली नसती, मग तो निळा असो की हिरवा. आता आमच्याच ऑफिसातले दोघं येऊन माझी पाठ थोपटून गेले. मला ते मुळीच आवडलं नाही."

"काहीतरी म्हणजे काय?"

"पांढरं."

"परत सांगा."

"पांढरं. उशीच्या अभ्र्याएवढं असेल. आमच्या हवेने फडफडलं ना, म्हणून तर दिसलं! नाहीतर त्या वेगाने जाताना जमिनीवरचं काय दिसतंय?"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"कॅप्टन, त्या जागी सापडलाय एक पाना. वीतभर लांबीचा."

"पाना?" कॅप्टनने भुवया चढवल्या. "वीतभर पाना मला त्या वेगात दिसला असेल, तर मला माणसांच्या नाही, गिधाडांच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि बाई, आजवर फडफडणारा पाना मी पाहिलेला नाही."

"हे तुम्ही टॉवरला सांगितलंत? पांढरं, फडफडणारं?"

"शब्दाला शब्द."

टॉवरमध्ये सकाळच्या पाळीला होता तो नियंत्रक बाईंच्याच हाताखाली शिकलेला. त्यांना जिन्यात पाहून तो उभा राहिला.

"कॅप्टनने तुला काय सांगितलं?"

"पांढरं, फडफडणारं, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, डावीकडे."

"आणि तू जीपला काय सांगितलंस?"

त्याने मान खाली घातली. "तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, डावीकडे, काहीतरी आहे, एवढंच. मागे निळं विमान होतं, त्याच्यामागे आणखी चार. मी घाईत होतो, बाई."

"म्हणजे जीपवाल्याला हे माहीतच नव्हतं, की कॅप्टनने ती वस्तू नीट पाहिली आहे."

"नव्हतं."

बाईंनी टॉवरच्या काचेतून खाली पाहिलं. पिवळी जीप मैदानाच्या कडेने संथपणे चालली होती.

६

जीपवाल्याला ससाणा म्हणायचे. धावपट्टीवरची काडी त्याला दुरून दिसायची, आणि पक्षी तर त्याची जीप पाहूनच उडायचे. बाईंनी त्याला मैदानाच्या कडेलाच गाठलं. तो उतरला, टोपी काढली.

"नमस्कार, मास्तरीणबाई. फार दिवसांनी मैदानात उतरलात. टॉवरमध्ये होतात तेव्हा तुमचा आवाज ऐकला की सकाळ झाली असं वाटायचं."

"मलाही तुझा आवाज ऐकला की धावपट्टी साफ आहे असं वाटायचं. तू पहिली नोकरी निळ्या हँगरमध्ये केलीस ना?"

"हो. भाऊजींच्या हाताखाली. पाना कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं." त्याने हे लपवलं नाही. "ते गेले, मीही सोडली."

"आज सकाळचं सांग."

"टॉवरने बोलावलं, गेलो. पाना पडला होता. उचलला, कळवलं. मग नियमाप्रमाणे दोन्हीकडून तपासणी."

"आणखी काही?"

"काही नाही."

"परत सांग."

"पाना होता. आणखी काही नव्हतं."

"कॅप्टनने पांढरं काहीतरी पाहिलं. फडफडणारं."

ससाण्याचा चेहरा हलला नाही, पण टोपी धरलेली बोटं थांबली. "पान्यावर ऊन चमकलं असेल."

"फडफडलं म्हणतोय तो. असो, उडून गेलं असेल. वाऱ्याने."

"हो, वाऱ्याने."

"आज सकाळी वारा नव्हता," बाई म्हणाल्या. "आणि असता तरी मला पटलं नसतं. तुला मी ओळखते. एखादा प्लास्टिकचा कागदबिगद धावपट्टीवर लोळत सोडून तू जीप वळवशील? तो पुढच्या विमानाच्या इंजिनात जाणार हे माहीत असताना? तुझ्या हातून ते होणारच नाही, दुसरं काहीही झालं तरी. मागचा ड्रम उघड."

जीपच्या मागे झाकणाचा ड्रम होता. धावपट्टीवरून उचललेली प्रत्येक वस्तू त्यात जाते, चिठ्ठी बांधून, आणि पाळी संपेपर्यंत ड्रममधून काही काढायचं नाही, असा जीपवाल्यांचा शिरस्ता. ससाण्याने टोपी काखेत धरली. मग त्याने स्वतःच झाकण उचललं. आत पक्ष्याची पिसं, बॅगेचा तुटका पट्टा, रबराचा तुकडा, सगळ्यांना चिठ्ठ्या. आणि अगदी खाली पांढरा प्लास्टिकचा कागद. सामानावर गुंडाळतात तसला, उशीच्या अभ्र्याएवढा. उडू नये म्हणून चार घड्या घातलेला. त्याला मात्र चिठ्ठी नव्हती.

"हा उचलायला तुला किती वेळ लागला असता? धावपट्टी लगेच मोकळी झाली असती. निळं विमान एक घिरटी मारून उतरलं असतं."

"उतरलं असतं," ससाणा म्हणाला.

"पाना कधीपासून होता जीपमध्ये?"

"बरेच दिवस. त्या विमानाच्या तोंडावर कोणी काही कळवतंय का, याची वाट बघत होतो. मी आपणहून कळवलं असतं तर संशय आला असता." तो घड्या घातलेल्या कागदाकडे बघत होता. "हा तिथेच सोडून दिला असता तर तुम्हाला काहीच कळलं नसतं ना?"

"काही नाही."

"नाही जमलं. इंजिनात गेला असता तो, बाई. माणसं असतात आत."

"पाना दिला कोणी?"

ससाण्याने टोपी डोक्यावर घातली.

"मी केलं ते मी लिहून देतो. माझी नोकरी घ्या, तुरुंगात टाका. पाना कुठून आला हे विचारू नका. ज्याने मला उभं केलं त्याचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. वहिनींनी त्याला त्याच्याच घरातून बाहेर काढलं, तेव्हा कोणी चौकशी केली होती का?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. बैठकीला तासभर उरला होता.

७

बैठकीत बाईंनी सगळं क्रमाने मांडलं. पाना, कागद, जीप. खोलीत कोणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. वहिनी सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांच्या मागे खारूताई, हँगरच्याच कपड्यांत.

मग तांबड्या कंपनीचा वकील उठला.

"जीपवाला दोषी आहे, मान्य. पण त्याच्याकडे पाना आला कुठून, हे तो सांगत नाही. पान्यावर खूण निळ्या कंपनीची. ज्यांना आपली हत्यारं सांभाळता येत नाहीत, ज्यांचा पाना मैदानात कुठेही कोणाच्याही हाती लागतो, त्यांनी माफी मागायची कशी?"

"तो निरोपाचा पाना आहे!" वहिनी म्हणाल्या. "आम्ही तो सन्मानाने दिलेला आहे."

"हे तुम्ही म्हणता. ज्यांची वेळ जातेय त्यांनी म्हणायचं आणि समितीने ऐकायचं?"

"त्यांच्या भिंतीवरचा चौकोन मी पाहिलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"चौकोन पाहिलात. पाटी पाहिलीत का?"

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. सकाळचा त्यांचा आवाज आता राहिला नव्हता. "बाई, तुमचं सगळं मला पटतंय. पण पाना निळ्या हँगरमधून रीतसर बाहेर गेला होता, आणि ज्याच्याकडे गेला त्याच्याच हातून जीपमध्ये आला, हे सांगणारा एक माणूस मला हवा. तो बोलला तर चूक निळीची नाही, वेळ निळीकडे राहील. शिवाय तांबडीचा अधिकारी यात असेल, तर तांबडीचा अर्जही बाद. तो बोलला नाही, तर मला नियमाप्रमाणे जावं लागेल."

तो माणूस कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. तो बोलला तर मैदानापलीकडची काचेची इमारत त्याला कायमची बंद. गप्प बसला तर दादांनी नऊ वर्षं खपून मिळवलेली वेळ त्याच्याच नव्या मालकांच्या पदरात.

"निरोप पाठवा," अध्यक्ष म्हणाले.

"मी आधीच पाठवलाय," बाई म्हणाल्या. "फक्त एवढाच, की ससाण्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय आणि भाऊजींचं नाव घ्यायला तो तयार नाही."

पाऊण तास गेला. वकील दोनदा घड्याळ बघून खोकला. खारूताई उठून पाणी पिऊन आली. मग दार उघडलं. भाऊजी आत आले नाहीत. उंबऱ्यावरच उभे राहिले. कोट नव्हता, बाह्या वर सारलेल्या. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं नाही, वकिलाकडे तर नाहीच.

"वहिनी, दोन मिनिटं बाहेर येता का?"

"समितीसमोर बोला!" वकील ओरडला. "साहेब, हे नियमात बसत नाही."

"दोन मिनिटं आम्हीही बसू शकतो," अध्यक्ष म्हणाले.

वहिनी उठल्या. पदर सावरला. "चला, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. भाऊजी कंपनी सोडून गेल्यापासून त्या दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं, असं खारूताईने मागाहून मास्तरीणबाईंच्या कानात सांगितलं.

शेजारच्या छोट्या खोलीचं दार त्यांच्या मागे लागलं. आधी भाऊजींचा आवाज आला. मग वहिनींचा, चढलेला.

सहा वाजता अध्यक्षांनी बैठक तहकूब न करता चालू ठेवली आणि दिवे लावायला सांगितले. सकाळच्या त्या वेळेचा निर्णय झालेला नाही. ससाण्याने आपला जबाब लिहून दिला आहे, त्यात पान्याच्या ओळीपुढे जागा कोरी आहे. तांबड्या कंपनीचा अर्ज अजून टेबलावर आहे. मास्तरीणबाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून आहेत, आणि शेजारच्या खोलीचं दार बंद आहे.